बुधीकाकीच्या प्लॉटचे बारा फोटो

काळा, चौकोनी, हातात घेतला की थंडगार लागणारा तो कॅमेरा बाईंनी माझ्या हातात ठेवला, तेव्हा मला आनंद वगैरे काही झाला नाही. हा पडला तर आपलं काही खरं नाही, एवढंच मनात आलं. कोसबाडच्या टेकडीवर मी बालवाडी शिक्षिकेचं शिक्षण घेत होते आणि वसतिगृहात राहत होते. चित्रकलेच्या बाई पुण्याहून आलेल्या. त्यांना आम्हा पाड्यावरच्या मुलींकडून काहीतरी वेगळं करून घ्यायचं होतं. "हे बघ कमल, या रोलवर बारा फोटो निघतात आणि वर्षाचे महिने बारा," त्या म्हणाल्या. "तू दर महिन्याला घरी जातेस. तुमच्या पाड्यामागचा डोंगर एकाच जागेवरून, महिन्याला एकदा काढायचा. तेरावा फोटो नाही. एखादा हुकला तर तो महिना गेला." मी मान डोलावली. दाराशी पोचले तर त्यांनी परत हाक मारली. "आणि फोटोत एक माणूस असू दे गं. नुसता डोंगर फोटोत टेकाड दिसतो. माणूस असला की कळतं, डोंगर केवढा आहे ते." हे त्यांचं शेवटचं वाक्य मी अगदी आज्ञेसारखं पाळलं. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

आमचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. माझी आई मी लहान असतानाच गेली. बा वर्षातले आठ महिने घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला असे आणि तिथेच राही. मला वाढवलं बुधीकाकीने. ती माझ्या मोठ्या काकाची बायको. काका झाडावरून पडून गेला होता आणि तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून मीच तिची, असं तिने कधी तोंडाने म्हटलं नाही, पण चुलीवरची पहिली भाकर मात्र माझ्या ताटात टाकी. ठेंगणी, काटक आणि तोंडाने फटकळ बाई. तिचं बोलणं आमच्या बोलीतलं, इथे मी ते बाजारच्या मराठीत उतरवते आहे, त्यात तिचा ठसका निम्मा तरी उतरला तर माझं नशीब. मी एसटीतून उतरून चढण चढून घामाघूम होऊन दारात पोचले की ती आत बसूनच ओरडे, "आली का मास्तरीण? पाय धू आधी, मग शहाणपणा शिकव." कुडाची भिंत, शेणाने सारवलेली ओली जमीन, कोपऱ्यात बांबूची कणगी, आणि चुलीवर भाजल्या जाणाऱ्या सुक्या बोंबलाचा वास. नागलीची, म्हणजे नाचणीची, काळीभोर भाकर ती दोन्ही तळव्यांत थापटून थापटून मोठी करी, तो पट पट आवाज अजून माझ्या कानात आहे. आता मी गॅसवर करते, पोळपाटावर, आणि सून म्हणते आई, नागली खाऊन हाडं बळकट होतात. म्हणते बापडी. तेव्हा आम्ही हाडांसाठी खात नव्हतो, दुसरं काही नसायचं म्हणून खात होतो.

ती नागली यायची डोंगरावरच्या प्लॉटमधून. खालची भाताची खाचरं बाच्या नावावर होती, पण ती एवढीशी की त्यातला तांदूळ संक्रांतीपर्यंतही पुरत नसे. वर डोंगराच्या कुशीत दीडेक एकराचा तुकडा होता. काकाने दगड वेचून, त्यांचे बांध रचून, वर्षानुवर्षं खपून तो केलेला. काका गेल्यावर काकीने कुदळ हातात घेतली. आम्ही त्याला काकीचा प्लॉट म्हणायचो. कागदावर तो जंगलखात्याचा होता आणि तिथे पिकवणं हा गुन्हा होता. हे पाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण कुणी मोठ्याने बोलत नसे. खाकी कपड्यातला माणूस वाटेवर दिसला की बायका कुदळी गवतात टाकून लाकडं वेचायला लागत. हे मलाही ठाऊक होतं. तरी माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही, याचं मला आज या वयातही नवल वाटतं. शिकायला गेलं की माणूस थोडं मठ्ठ होतं की काय कोण जाणे.

फोटोची जागा मी ठरवली ती पाड्याच्या वरच्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली. बाईंनी शिकवल्याप्रमाणे पाठ खोडाला घट्ट टेकवायची, कॅमेरा डोळ्याला लावायचा, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. म्हणजे दर वेळी डोंगर फोटोत त्याच जागी येईल. समोर काय दिसायचं? खाली खाचरं, मध्ये सागाची रांग, आणि बरोबर मधोमध काकीचा प्लॉट. त्यात काकी. कारण माणूस हवा होता ना! पहिला फोटो चैत्रातला. काकी राब भाजत होती, फांद्या नि पाला पसरून पेटवलेला, पांढरा धूर सरळ वर चाललेला आणि ती काठीने कडेची आग आत लोटत होती. मी खालून ओरडले, "काकी, जरा उभी राहा!" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मेलीस का गो, धूर जातोय डोळ्यांत, काढ लवकर!" मी खटका दाबला. मग मागच्या लाल खिडकीतून आकडा सरकेपर्यंत चावी फिरवली. ती फिरवायची विसरलं तर एकावर एक दोन फोटो पडतात, असं बाईंनी बजावलेलं, त्यामुळे परत जाताना एसटीत मी चार वेळा पिशवीत डोकं घालून तो आकडा पाहिला.

असे महिने चालले. वैशाखात डोंगर करपलेला आणि प्लॉट राखेने काळा. ज्येष्ठात रोपं हिरव्या फडक्यासारखी एका कोपऱ्यात. आषाढात पाऊस इतका की मी कॅमेऱ्यावर पळसाचं पान धरून उभी आणि वर काकी इरलं घेऊन, वाकून, चिखलात नागली लावत होती. त्या दिवशी तिने शेवळाची भाजी केली होती, काकड्याची आंबट फळं घालून, म्हणजे घसा खवखवत नाही. आम्ही चुलीशी बसून खाल्ली आणि तिने विचारलं, "त्या डब्यात मी दिसते काय?" मी म्हटलं, "दिसत असशील, धुतल्यावर कळेल." "धुतल्यावर? कपडे हायेत काय ते?" आणि स्वतःच खदखदून हसली. श्रावणात प्लॉट हिरवागार, भादव्यात त्याहून हिरवा. आश्विनात नागलीची कणसं मुठी वळल्यासारखी भरून आली आणि काकी त्यांत कमरेपर्यंत बुडून उभी, डोक्याला फडकं, चेहरा वर. तो सातवा फोटो. सगळ्यांत चांगला तोच येणार, हे मला खटका दाबतानाच कळलं होतं.

त्याच दिवशी दुपारी जंगलखात्याचा गार्ड आला. आम्ही जेवत होतो. बाहेर कुत्रं भुंकलं, मग काठी आपटल्याचा आवाज, मग "कोण आहे घरात?" काकी हात चाटत बाहेर गेली. मी आतच, कुडाच्या फटीला डोळा लावून. गार्ड वयस्कर होता, दमलेला, काखेत वही. तो ओट्यावर टेकला, पाणी मागितलं, प्यायला आणि म्हणाला, "वर कोण कसतं बाई?"

"कोन कसनार? मी गवत कापते. लाकूडफाटा आनते."

"मग नागली?"

"पाखरांनी टाकली असंल."

"रांगेत टाकली पाखरांनी?"

काकीने त्याचा रिकामा तांब्या उचलला. गार्ड जरा हसल्यासारखा झाला, पण वही उघडलीच. त्याने काय काय लिहिलं आणि वाचून दाखवलं: सदर बाई सांगते की ती त्या जागी शेती करत नाही, यापूर्वीही केलेली नाही. काकीने त्यावर अंगठा उठवला. "साहेब पाहणीला येतील," तो उठत म्हणाला. "मी सांगून ठेवतो, खोटं निघालं तर केस होईल. मग माझ्या हातात काही नाही." आणि निघून गेला. मी आत उभी. माझ्या पिशवीत कॅमेरा, आणि कॅमेऱ्यात ती बाई चैत्रापासून आश्विनापर्यंत शेती करत उभी होती. कणगीला धरून मी खाली बसले. जिने मला भाकर घातली तिच्या विरुद्ध साक्ष मी माझ्या हाताने, महिन्यामागून महिना, श्वास रोखून रोखून काढली होती. काकी आत आली, माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "भाकर निवली की. जेव."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आम्ही दोघींनी नागली कापली, अर्धी कच्चीच. दाणा हलका भरला, त्या वर्षी भाकरीला चिरा जात. साहेब आज येईल, उद्या येईल म्हणून मी परत कोसबाडला जाईपर्यंत वाटेकडे डोळे लावून होते. तिथे वर्गात बसलं तरी बाहेर जीप थांबली की मी मान वळवून खिडकीतून पाही. कार्तिकात घरी गेले तेव्हा मी कॅमेरा बाहेर काढलाच नाही. काकीनेच विचारलं.

"फोटो नाय काढायचा?"

"नको."

"बारा म्हनाली होतीस. सात झाले."

"काकी, अगं तुला कळतंय का? त्यात तू दिसतेस. प्लॉट दिसतो. साहेबाच्या हातात पडले तर..."

"साहेबाच्या हातात कशाला पडतील? डबा तुझ्या पिशवीत हाय." आणि कुदळ उचलून ती वर चालायला लागली. मी हाका मारत राहिले. ती प्लॉटमध्ये जाऊन उभी राहिली, कापलेल्या धाटांत, कमरेवर हात ठेवून, आणि मी काढेपर्यंत तिथून हलली नाही. शेवटी पाठ झाडाला टेकवून मी आठवा फोटो काढला. या वेळी मी श्वास रोखलाच नाही, आणि खरं सांगते, फोटो हलावा असंच मला वाटत होतं.

हल्ली माझा नातू मोबाइलवर एका दमात पन्नास फोटो काढतो आणि नको ते बोटाने उडवतो. मी त्याला म्हणते, आमच्या रोलमधला एक उडवायचा तर सगळेच उडायचे. कॅमेऱ्याची पाठ उघडून उन्हात धरली की संपलं. हे मला तेव्हाही माहीत होतं. मार्गशीर्षात डोंगर पिवळा पडला, पौषात सागाची पानं गळून त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, आणि या दोन्ही महिन्यांत मी मोहाखाली बसून कॅमेऱ्याच्या खिट्टीवर अंगठा ठेवला आणि काढला. उघडली असती तर बाईंना काय सांगणार होते? शिवाय, आता लाज कशाला, मला ते फोटो पाहायचे होते. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. भीती एका बाजूला आणि हा हावरटपणा एका बाजूला. त्यात साहेब काही पाहणीला येईना, त्यामुळे केस टळली की अजून व्हायची आहे तेही कळेना.

माघात बाईंनी वर्गात सांगितलं की चैत्रात प्रदर्शन भरवायचं. मुलींची चित्रं, विणकाम, आणि मधल्या भिंतीवर कमलचे बारा फोटो, मोठे करून. "आणि उद्घाटनाला कोण येणार माहीत आहे? जंगलखात्याचे मोठे साहेब! डोंगराचे फोटो आहेत म्हटल्यावर त्यांना तर फारच रस वाटेल." सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले. मैत्रिणीने विचारलं, काय गं, आनंद नाही झाला? मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि खोलीत जाऊन पांघरूण घेऊन पडले. डोळे मिटले की दिसे: मधली भिंत, बारा चौकोन, त्यांच्यापुढे खाकीतला माणूस चष्मा लावून वाकलेला, आणि म्हणतोय, ही बाई कोण? आणि बाई कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवताहेत.

फाल्गुनात पळस फुलल्यावर बारावा काढला आणि रोल डहाणूच्या स्टुडिओत दिला. मालक गुजराती, शांतिभाई म्हणत त्यांना. नाकावर चष्मा, बोटं रसायनांनी पिवळी. "पुढच्या शनिवारी ये," म्हणाले. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. शनिवारी बाजारातून स्टुडिओकडे वळले आणि रस्त्याच्या मधोमध थांबले. दुकानाच्या दर्शनी काचेत, लग्नातल्या जोडप्यांच्या आणि पावडर लावलेल्या बाळांच्या मध्ये, हातभर मोठा करून लावलेला आश्विनातला फोटो होता. डोंगर, साग, दगडांचे बांध, भरलेली नागली, आणि काकी. तिच्या फडक्याची गाठसुद्धा दिसत होती. भर रस्त्यावर! इथून मच्छीवाल्या जातात, कचेरीतले लोक जातात, जंगलखात्याची जीप जाते. किती दिवस तो तिथे होता देव जाणे. मी आत धावले.

"काढा तो! शांतिभाई, आधी काढा तो!"

"अरे, शुं थयुं? काय झालं दीकरी?" ते घाबरून उठले. "मी तर हौसेने लावला. डोळा आहे तुझ्याकडे. चाळीस वर्षं धंदा करतोय, असा फोटो या दुकानातून नाही गेला."

मला रडू फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला असं म्हणत होतं आणि मला ते ऐकायलाही नको होतं. खरं कारण सांगायची तर सोय नव्हती. आमच्यात बाईमाणसाचा फोटो रस्त्यावर लावलेला चालत नाही, असं काहीतरी बोलले. त्यांनी दोनदा कान पकडले, फोटो उतरवला आणि तो, निगेटिव्ह नि बारा छोट्या फोटोंचा एक कागद, सगळं मोठ्या पाकिटात घातलं. "प्रदर्शनाला मोठे करायला आण हं," ते मागून म्हणाले. मी मागे वळूनही पाहिलं नाही.

कोसबाडला परत जायचं सोडून मी चारोटीची एसटी पकडली. तिथे तलासरीची गाडी मिळेपर्यंत हायवेच्या हॉटेलात बाकावर बसले, पाकीट पदराखाली छातीशी धरून. ट्रक धाडधाड जात होते. एवढ्यात शेजारच्या बाकावर खाकी कपड्यांतला माणूस येऊन बसला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "काय लपवलंय?" "क-कागद... शाळेचे," मी म्हणाले. "मग टेबलावर ठेव की, घामाने भिजतील," तो म्हणाला आणि चहा मागवला. मग त्याच्या खांद्याला तिकिटांची पेटी दिसली. कंडक्टर होता. मी उठून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले आणि गाडी येईपर्यंत पुन्हा बसले नाही.

काकी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मी पाकीट तिच्यापुढे ठेवलं. तिने हात लुगड्याला पुसले, मोठा फोटो काढला, आधी उलटा धरला, मग सुलटा. तिने स्वतःला आजवर विहिरीच्या पाण्यात पाहिलं होतं, फोटोत कधीच नाही. "ही मी?" ती म्हणाली. "नाक तर माझ्या बापाचं हाय गो!" मग बोट नागलीवरून फिरवत, "बघ, बघ, केवढी आली होती. आनि हा बांध तुझ्या काकानं घातलेला. हा दगड आनताना त्याचं बोट चेंगरलं." छोट्या बारा फोटोंचा कागद तर ती उन्हाकडे धरून एकेक महिना मोजत बसली, चैत, वैशाख, जेठ. शेजारणीला हाक मारायला निघाली तेव्हा मी तिचा हात धरला. सगळं सांगितलं: प्रदर्शन, साहेब, काच, कंडक्टर. "तू अंगठा दिलायस काकी, की कधी पिकवलंच नाही. हे कुणी पाहिलं तर तुला खोटी ठरवतील, धरून नेतील, प्लॉट जाईल."

तिने फोटो परत पाकिटात घातला. मग म्हणाली, "भिंतीवर नको लावू. बाईला सांग, बिघडले. पन ठेव. माझ्याकडं उंदीर, वाळवी. तुझ्याकडं पत्र्याची पेटी हाय, तिच्यात खाली घालून ठेव. एवढं वरीस उभी राहिले मी त्यासाठी."

"ठेवते," मी म्हणाले.

सकाळी ती पाण्याला गेली. मी निघायची तयारी करत होते. पाकीट पिशवीत घातलं, काढलं, पुन्हा घातलं. चारोटी डोळ्यांपुढे आली, मग वसतिगृह, जिथे मुली एकमेकींच्या पेट्या उघडतात, मग बाई, ज्यांच्यापुढे माझं खोटं कधीच टिकलं नव्हतं. चूल पेटलेली होती. मी आधी निगेटिव्ह टाकले. ते अळीसारखे वळले आणि घाण वास सुटला. मग बारा फोटोंचा कागद. मोठा फोटो दुमडून टाकला, कारण त्यातली काकी माझ्याकडे पाहत होती. तो पटकन पेटेना, फुंकणीने फुंकून पेटवावा लागला. काकी हंडा घेऊन दारात आली आणि नाक मुरडून म्हणाली, "काय गो जळलं?" मी म्हणाले, "कंगवा पडला चुलीत."

बाईंना मी सांगितलं की रोलला उजेड लागला. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मधल्या भिंतीवर विणकाम लावलं. साहेब आले, फीत कापली, चिकू खाल्ले, चहा घेतला, घड्याळ पाहिलं आणि गेले. भिंतींकडे त्यांनी धड मान वळवूनही पाहिलं नाही. गार्डची पुढे बदली झाली, पाहणी कधी झालीच नाही, केसही झाली नाही. काकी नागली लावत राहिली. मी बालवाडीत लागले, मग शाळेत, लग्न झालं, डहाणूला राहायला गेले. काकी मधूनमधून विचारी, "फोटो हायेत ना गो?" आणि मी म्हणे, "आहेत." आधी एकदा म्हटलं, मग दुसऱ्यांदा म्हणणं सोपं गेलं. कॅमेरा मात्र मी पुन्हा हातात घेतला नाही.

वीसेक वर्षांनी वनहक्काचा कायदा आला. जंगलातली जमीन आधीपासून कसणाऱ्याच्या नावावर होणार, पण जुना पुरावा हवा. शाळेच्या ओट्यावर गावसभा भरली. मला लिहितावाचता येतं म्हणून काकीने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तालुक्याहून आलेला कारकून एकेकाला विचारत होता. ज्यांना तेव्हा दंड झाला होता त्यांनी जपून ठेवलेल्या पिवळ्या पावत्या काढल्या. जी माणसं त्या वेळी पकडली गेली म्हणून रडली होती, त्यांचीच कामं पटापट होत होती. काकीची पाळी आली. कारकुनाने कागद चाळले. "आजी, तुमची पावती नाही. उलट इथे तुमचा जुना जबाब आहे, अंगठ्याचा. कसत नाही म्हणून."

काकी काठी टेकत उठली. तेव्हा ती पार वाकली होती, पण आवाज तोच. "तो खोटा हाय. खरा पुरावा माझ्याकडं हाय. बारा फोटो हायेत, बारा महिन्यांचे. आमच्या कमळीनं काढलेले, तिच्या पेटीत हायेत." आणि माझ्याकडे वळून, सगळ्या गावादेखत, अभिमानाने म्हणाली, "सांग गो त्यांना."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. पुन्हा एकदा खोटं बोलता आलं असतं, वाळवी लागली, पुरात गेले. नाही बोलले. "मी जाळले," मी म्हणाले. "त्याच वेळी. काकीच्या चुलीत."

काकी हळूच खाली बसली. म्हाताऱ्या माणसांनी तिच्या बाजूने जबानी दिली, त्यावर खालची एक पट्टी तिच्या नावावर झाली. वरचा मोठा तुकडा, काकाने बांध घातलेला, जंगलखात्याकडेच राहिला. सभा संपल्यावर मी तिला घरी न्यायला निघाले. हात पुढे केला तर तिने धरला नाही, काठीवरच चालत राहिली. अर्ध्या वाटेत मला राहवलं नाही. "काकी, मी भ्याले होते गं. तुझ्यासाठीच भ्याले. तुला धरून नेतील म्हणून."

ती थांबली. दम घेतला. "मला धरून नेलं असतं," ती म्हणाली, "तुला नाय. प्लॉट माझा होता, अंगठा माझा होता. मी सगळं समजून उभी राहिले तिथं, बारा येळा. मी नव्हते भ्याले, कमळी."